सहा मिलिमीटरचं टिपण

खारघर, सेक्टर बारा
रविवार

श्री. कमळाकर घरत, उरण यांस,

निवृत्त खरेदी अधिकारी नंदकिशोर याचा निवृत्त स्टोअर इन्चार्जना नमस्कार. (नोकरीत असताना आपण एकमेकांना नमस्कार करत नव्हतो, फक्त फाइली परत पाठवत होतो. मागची थकबाकी या पत्रात भरून टाकतो.)

तुमचा गुडघा कसा आहे? पुतळावहिनी लेप लावतात म्हणे. तो मुकाट्याने लावून घेता की त्याच्यावरही लाल पेनाने 'का?' लिहून परत करता? तुमच्या रूपेशबरोबर पाठवलेला जिताडा मासा पोचला. आवक झाल्यावर वजन करणार होतो, पण अरुणाने काटा लपवला होता. आमच्याकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून दोघी. फोन असताना हा माणूस पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. फोनला जोडपत्रं लावता येत नाहीत. सोबत एक फाइल आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

तुम्ही रिटायर झालात ते बरोबर ठिकाणी झालात. तुमच्याकडे देवळाची कमिटी आहे, भावकी आहे, बांधावरून चालू असलेलं भांडण आहे. माझ्याकडे दोन बेडरूम आणि एक स्वयंपाकघर. मी स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. प्रत्येक डब्याला बिन कार्ड लावलं: आवक, जावक, शिल्लक. तिसऱ्या आठवड्यात धण्यांची शिल्लक जुळेना, म्हणून अरुणाला लेखी खुलासा मागितला. (तोंडी मागितला असता तर पुढचं टळलं असतं, असं आमच्या लेकीचं, ऋताचं मत आहे. मला तसं वाटत नाही.) अरुणाने खुलासा त्याच कार्डाच्या मागे लिहून दिला: 'पुन्हा ओट्याजवळ दिसलात तर मी चिपळूणला ताईकडे जाईन आणि परत येणार नाही.' मी ही नुसती धमकी समजलो. संध्याकाळी माळ्यावरची बॅग खाली आलेली दिसली.

इथे आमची ऋता मधे पडली. तिला गेम खेळण्यासाठी कॉम्प्युटर हवा होता, तोही तयार नव्हे, एकेक भाग निवडून जोडलेला, भारीतला भारी, स्वतःच्या पगारातून. (सत्तावीस वर्षांची आहे. दर शनिवारी ती चार मैत्रिणींबरोबर कुठल्या तरी बर्फाळ प्रदेशात जाऊन अनोळखी लोकांना मारते आणि जेवायला परत येते.) ती म्हणाली, "बाबा, पार्ट तुम्ही निवडा, मला वेळ नाही." वेळ होता. मायलेकींचं आधीच ठरलं होतं, हे मला नंतर कळलं. पण बॅग पुन्हा माळ्यावर गेली. हिशेब साधा होता: कॉम्प्युटर जोडून होईपर्यंत मी घरातला कामाचा माणूस, आणि तोपर्यंत चिपळूण रद्द.

मी काम रीतीने सुरू केलं. आधी ऋताकडून लेखी मागणी घेतली. तिने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, 'फुल सेटिंगवर गेम अडकायला नको.' मी 'अडकणे' या शब्दाची व्याख्या मागवली. ती अजून आलेली नाही. तीन जणांची कमिटी नेमली: अध्यक्ष मी, सदस्य अरुणा (नाराजी नोंदवून), आणि तिसरी जागा स्टोअरची. ती रिकामी ठेवून काम चालवलं. ती रिकामी आहे याचा मला सुरुवातीला फार आनंद झाला होता, हेही लिहून ठेवतो. प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक कार्ड, रॅम, पॉवर सप्लाय, कूलर, कॅबिनेट, प्रत्येकाचं वेगळं प्रकरण, प्रत्येकाला तीन कोटेशनं, प्रत्येकाचा तुलनात्मक तक्ता.

दुकान नावड्याच्या शिवतेजचं. शांत माणूस आहे. पहिल्या दिवशी मात्र म्हणाला, "काका, तीन कोटेशनं कुठनं आनू? दुकान एकच हाय." आपल्या वेळेला पुरवठादार स्वतःच्या कोटेशनबरोबर उरलेली दोनही टाइप करून आणायचा. पिढी बदलली, दुसरं काय. शेवटी मी दोनदा वाशीला जाऊन आलो.

यात अडचण अशी की हा माल थांबत नाही. आपण तळोज्याच्या कारखान्यात पंप मागवायला आठ महिने लावायचो, पण आठ महिन्यांनीही तो पंपच असायचा. इथे मी प्रोसेसरचा तक्ता पूर्ण करून मंजुरीला ठेवला (माझ्याकडेच), तोवर त्याच्या पुढचा प्रोसेसर बाजारात आला. नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर बसत नाही, म्हणून मदरबोर्डची फाइल उघडली. मदरबोर्ड बदलला की रॅम बदलते. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी ऋता म्हणाली, "बाबा, आता जे आहे ते घ्या, नाहीतर मी आजी होऊन खेळेन." मी हे स्मरणपत्र क्रमांक एक म्हणून लावून घेतलं.

सगळ्यात समाधान कूलरने दिलं. त्यात पंप आहे, पाइप आहे, रेडिएटर आहे, आतून पाणी फिरतं. आपला युटिलिटी विभागच, फक्त इतका लहान की तुमच्या स्टोअरच्या मारोतीने जेवणाच्या डब्यात घालून घरी नेला असता. (मारोती बरा आहे का?) बाकी प्रत्येक भागाला दिवे आहेत. रॅमलाही आहेत. कशाला, असं विचारल्यावर ऋता म्हणाली, "दिसायला." मी 'उपयोग: दिसणे' असं नोंदवलं. ते दिवे दिसावेत म्हणून कॅबिनेटची एक बाजू काचेची. अरुणाने पूर्ण फाइलमध्ये एकच शेरा दिला आहे: 'काच पुसणार कोण?' चाळीस पानांतला तो एकमेव अवघड तांत्रिक प्रश्न आहे आणि त्याला उत्तर नाही.

गेल्या सोमवारी जोडणी होती. मी मापं घ्यायला वर्नियर घेऊन गेलो. शिवतेजने एकेक भाग बसवला, ग्राफिक कार्ड हातात घेतलं, आत धरलं, बाहेर काढलं, पुन्हा आत धरलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"काका, सहा एमएम भायेर येतंय."

"असं कसं होईल? कॅबिनेटमध्ये तीनशे साठचं कार्ड मावतं. आपलं तीनशे छत्तीस आहे. तक्ता बघ."

"तक्ता बरोबर हाय. पन पुढं तुमचा रेडिएटर बसवला ना, तीस एमएमचा. हे सहा कुठं ठेवू, तुमच्या खिशात?"

कमळाकर, कार्डाची फाइल बरोबर होती. कॅबिनेटची बरोबर होती. कूलरची तर मी स्वतः दोनदा तपासली होती. तिन्ही फाइली बरोबर आणि कार्ड सहा मिलिमीटर बाहेर. दुकानातल्या स्टुलावर बसल्याबसल्या मला तुम्ही आठवलात. एकदा तुम्ही गेटवर भर उन्हात ट्रक अडवून व्हॉल्व्हच्या तोंडाची फ्लँज मोजत बसला होतात. मी तावातावाने सगळ्या सह्या झालेले कागद दाखवले, आणि तुम्ही म्हणालात, "नंदकिशोर, कागद बसतो रं, फ्लँज नाय बसत." त्यानंतर मी तुमच्याशी आठ महिने बोललो नव्हतो. सव्वीस वर्षं तुम्ही माझ्या प्रत्येक फाइलच्या कडेला तो एकाक्षरी 'का?' लिहिलात. घरी येऊन मी तुम्हाला काय काय म्हणायचो, ते अरुणाला पाठ आहे. या कामात तो 'का?' कुठेच नव्हता, आणि सहा मिलिमीटर नेमके तिथून बाहेर आले.

शिवतेजने रेडिएटर पुढून काढला आणि वरच्या बाजूला लावला. कार्ड बसलं. पाच मिनिटं लागली. टिपण नाही, मंजुरी नाही. हा बदल कुणाच्या अधिकारात केलास, असं मी विचारलं. तो म्हणाला, "काका, चार स्क्रू हायेत."

कॉम्प्युटर आता घरी आहे. लग्नाच्या हॉलसारखा उजळतो. ऋता शनिवारी सहा तास बर्फात होती, गेम एकदाही अडकला नाही, त्यामुळे व्याख्या न मिळताच ती बाब निकाली निघाली. म्हणजे काम संपलं. जोडणी झाल्यापासून मी हॉलमध्ये बसून आहे.

पुतळावहिनींना नमस्कार. गुडघ्यावर जिने चढू नका. मी तुमच्याविरुद्ध लिहिलेली सगळी पत्रं या पत्राने मागे घेतो, एक सोडून. (कँटीनच्या भज्यांबाबतचं. ते खरं होतं.)

तुमचा,
नंदकिशोर

ता. क. एक: रेडिएटरची जागा बदलल्याचं टिपण मी नंतर लिहून पान एकेचाळीसवर लावलं आहे. खाली स्टोअरची सही लागते. सोमवारची तारीख घालून सही करा आणि फाइल रूपेशबरोबर परत पाठवा, म्हणजे मला ती बंद करता येईल.

ता. क. दोन: सही करू नका. पान नऊवर अनुक्रमांक सहा दोनदा आला आहे. तो चुकून आलेला नाही. तुमच्या नजरेतून सुटणार नाही याची खात्री आहे, तरी सांगून ठेवतो. कडेला नेहमीचं लिहा आणि फाइल परत करा. लाल पेन नसेल तर सोबत ठेवला आहे.

ता. क. तीन (अक्षर वेगळं दिसेल): कमळाकर भाऊजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून लिहिते. एका 'का?'ला यांचे चार दिवस जातात. जमल्यास दर पानावर एक काढा. काल हळदीच्या डब्याला वर्नियर लावलेला होता. बॅग मी अजून माळ्यावरच ठेवली आहे. – अरुणा