क्रूझ कंट्रोलच्या शोधात

३ मार्च
लेकीला मुलगी झाली. मी आजोबा! शनिवारी सकाळी गाडीनं निघायचं. ही म्हणाली, एवढा लांबचा रस्ता, तुमची टाच दुखते, आपण माझ्या भावाबरोबर जाऊ या. साफ नाही म्हणालो. त्याच्याकडूनच घेतलेल्या या गाडीत क्रूझ कंट्रोल आहे. तो स्वतःच फुशारकी मारत होता की हायवेला एकदा वेग लावून दिला की पाय मोकळे. फक्त ते चालू होत नाही, एवढंच. दुरुस्त करीन. त्याला विचारणार नाही. त्याचं ते गालातल्या गालात हसणं नकोच.

४ मार्च
व्हिडिओ पाहिला. अगदी सोपं. स्टिअरिंगवर बटण, ब्रेकच्या पेडलमागे स्विच (ब्रेकचे दिवेही त्यावरच), गिअरबॉक्सवर सेन्सर आणि इंजिनाशेजारी एक गोल डबा, जो केबलनं अ‍ॅक्सिलरेटर ओढतो. व्हिडिओतलं इंजिन घासलेल्या ताटासारखं लख्ख होतं. माझंही तसंच असणार.
संध्याकाळी: स्टिअरिंगवर एका बटणावरचं चित्र झिजलंय. हेच ते! दाबलं तर रेडिओ किंचाळला. दोन कामांचं बटण दिसतंय.

५ मार्च
पेडलखाली डोकं घालून उताणा पडलो. मॅटखाली सफरचंदाचा काळाठिक्कर गाभा, केसांचे पुंजके, कुणीतरी चघळलेलं च्युइंगगम. ते माझ्या कानाला चिकटलं. शी! मेहुणा एवढा टाय लावून फिरतो आणि पायाखाली हा उकिरडा.
पण स्विच सापडला. खोलला, पुसला, परत बसवला. एक स्क्रू उरला. कंपन्या जास्तीचे देत असतील.

६ मार्च
बॉनेट उघडलं. उंदराचं घरटं. आत उंदीर. जिवंत नव्हता, ताजाही नव्हता. स्वयंपाकघरातला चिमटा आणून काढला. हिनं तो चिमटा घरात परत घेतला नाही, मलाही दुपारपर्यंत घेतलं नाही.
घरट्यामागेच गोल काळा डबा! वायर उपटून चांगल्या टॉवेलनं पुसला. अभिमानानं हिला दाखवला. म्हणे, अहो, हा हॉर्न आहे ना? यंत्रातलं हिला काय कळतं!
रात्री: हॉर्न वाजत नाही. योगायोग.

७ मार्च
ट्रायल. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर वेग धरला, बटण दाबलं, पाय उचलला. रेडिओ लागला. गाडी मंदावली. पुढे गाय दिसली म्हणून ब्रेक मारला आणि बेकरीची व्हॅन मागून धाडकन आदळली. गाय ढिम्म. बेकरीवाला उतरून ओरडला, तुमचे ब्रेकचे दिवेच लागत नाहीत! मी म्हटलं, अंतर ठेवून चालवावं माणसानं. त्यानं बोटाला लागलेलं क्रीम माझ्या बॉनेटला पुसलं. काय ही माणसं!
डिकी आता उघडत नाही. गाडी गॅरेजात.

८ मार्च, शनिवार
सकाळी मेहुणा हिला न्यायला आला. शेवटी नाइलाजानं विचारलं, क्रूझ कंट्रोलचा तो डबा नेमका कुठे आहे? या वेळी तो हसला नाही. हेच जास्त लागलं. म्हणाला, भाऊजी, ते माझ्या नव्या गाडीत आहे. त्या जुन्या गाडीत कधीच नव्हतं. चला, बसा, मागे भरपूर जागा आहे.
मी म्हणालो, गॅरेजवाल्यावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. हिनं त्याच्या गाडीत बसून दार लावून घेतलं.

संध्याकाळी फोटो आला. नात मेहुण्याच्या मांडीवर. कपाळ अगदी माझं. लेकीचा फोनही आला. म्हणाली, बाबा, तुम्ही का नाही आलात? काम निघालं म्हणून सांगितलं.
साबण लावून लावून हात सोलवटले, तरी नखांतलं ग्रीस जात नाही. नाहीतरी असल्या हातांत कुणी बाळ दिलंच नसतं.