चाळीस वाक्यांची वही

सिल्वासा,
शनिवार, १८ जानेवारी १९९७

प्रिय कावेरी,

हे पत्र मी तिसऱ्यांदा सुरू करते आहे. आधीच्या दोन्ही वेळी पहिल्याच पानावर मी तुझ्यावर ओरडले. तुझा काही दोष नसताना. म्हणून ते कागद फाडले. पाकिटासोबत ब्राउन पेपरमध्ये बांधलेलं एक पुडकं आहे, ते आत्ता उघडू नकोस. पत्र अर्ध्यात फेकून द्यावंसं वाटलं तर पत्र फेक, पुडकं ठेव. तुझा पत्ता गलोंड्याच्या धाग्याच्या कारखान्यातल्या झिपरूकडून मिळवला. तुझ्या नवनाथचा तो जुना सोबती, तरी आधी देईना. तोंड वळवून म्हणाला, "वहिनीनी सांगेल शे, बाईले पत्ता देवाना नही." मी त्याच्या खोलीसमोर तासभर बसून राहिले. शेवटी त्याच्या बायकोलाच लाज वाटली आणि तिनं पत्ता दिला.

तुझी मंजू कशी आहे? बोलते का? हे दोन प्रश्न लिहून मी उठले, गॅलरीत दोन फेऱ्या मारून आले. तुला हे विचारायचा हक्क मला उरलेला नाही हे मला कळतं. तरी खोडत नाही.

माझी बातमी ही, की मे महिन्यात मी निवृत्त झाले. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निरोपाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्या शाळेनं माझ्या मुलाला एक बाक दिला नाही, तिनं मला घड्याळ दिलं. मुख्याध्यापक भाषणात म्हणाले, बाईंचं घर म्हणजे सेवेचं मंदिर आहे. मी उठून म्हटलं, सर, त्या मंदिरातला मुलगा तुम्ही दारातून परत पाठवला होता, आठवतं का? मग चिवडा कुणाच्या घशाखाली उतरेना. हे म्हणाले, "उषा, एक दिवस तरी सोडायचं होतंस." मी काही सोडत नाही, तुला माहीतच आहे. चुकीच्या गोष्टीसुद्धा सोडत नाही, हे मात्र मला आत्ता आत्ता कळलं.

केदार अठरा वर्षांचा झाला. माझ्यापेक्षा वीतभर उंच. नवनाथ कारखान्यातून धाग्याचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन आणायचा ना, ते त्याच्याकडे अजून आहेत. रोज सकाळी टोकांच्या रंगांप्रमाणे गॅलरीत रांग लावतो. एक निळा हरवला आहे. त्याची जागा तो मोकळी ठेवतो.

नोव्हेंबरमध्ये इथे एक शिबिर झालं. मुंबईहून वैशाली नावाची मुलगी आली होती, बोलायला शिकवणारी. वय असेल सव्वीस. तिनं केदारला तपासलं आणि मला विचारलं, घरी तुम्ही याच्याशी कोणत्या भाषेत बोलता? मी ताठ मानेनं सांगितलं, इंग्रजी, फक्त इंग्रजी, बारा वर्षं. तिनं पेन खाली ठेवलं. "आणि तुम्ही दोघं एकमेकांशी?" मराठीत. "मग त्याच्याशी का नाही? आईनं आईच्या भाषेत बोलायचं असतं, मावशी. गोंधळ दोन भाषांनी होत नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. तुझं वय काय, तुला मूल आहे का, इथपर्यंत गेले. पोरगी गुणाची. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रागवा, पण घरी जाऊन बोला त्याच्याशी."

कुणी सांगितलं, ते तुला ठाऊक आहे. १९८५ साली मुंबईच्या त्या बड्या डॉक्टरनं सांगितलं होतं, केदारला दहा मिनिटं पाहून. एकच भाषा ठेवा, बाकीच्या बंद. मी इंग्रजी निवडली. लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये मराठी शब्द तोंडातून निघाला की दिवसभर गळ्यात लाकडी पाटी घालून फिरावं लागे. ती पाटी मी इतक्यांदा घातली होती, की इंग्रजी म्हणजे पाटी उतरणं हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. हे तेव्हा म्हणाले, "मग मी गप्पच बसतो. माझं इंग्रजी मोजणी खात्यातलं." मी हसले. मला तो विनोद वाटला. कावेरी, ते खरंच गप्प बसले. स्वतःच्या मुलाशी बारा वर्षं. शिबिरानंतर एका सकाळी दोघं दमणगंगेच्या पुलावर फिरायला गेले, त्यांच्या मागून मी गेले, त्यांना नकळत. हे केदारशी मालवणीत बोलत होते. धो धो. नदीला पाणी किती, त्यांच्या गावच्या खाडीला किती, लहानपणी कुर्ल्या कशा धरायचे. केदार कठड्यावरून बोट फिरवत चालला होता आणि हे थांबत नव्हते. मी तिथूनच परत फिरले.

घरी आल्यावर मला चैन पडेना. डॉक्टरला शिव्या घालून मी मोकळी झाले असते, पण डॉक्टरनं एकाच घरात सांगितलं होतं. तिथून ते सात घरांत मी नेलं.

आपला शनिवार आठवतो ना, न बोलणाऱ्या मुलांच्या आया माझ्या गॅलरीत जमायच्या तो? त्यातली अदलाबदल माझी होती आणि ती चांगली होती, हे मी आजही म्हणेन. आपल्या मुलाला आपण शिकवायचं नाही, एक तास दुसऱ्या आईकडे द्यायचं. आपलं मूल शंभराव्यांदा चुकलं की आपला हात उठतो, दुसरीचं चुकलं तर आपण हसतो. त्या एका तासात कितीजणी माझ्या गॅलरीत पहिल्यांदा पाय पसरून बसल्या. तू केदारला घ्यायचीस आणि मी मंजूला. पण त्याच गॅलरीत मी तो नियमही लावला. एकच भाषा, आणि ती शुद्ध.

तू पहिल्यांदा आलीस ते ८९ साल. चार वर्षांची मंजू कडेवर, फाटकाबाहेरच उभी होतीस. विचारलंस, "मुक्या पोरांची शाळा इथंच का?" मी म्हटलं, मुकी नाहीत ती, बोलत नाहीत. मग तुझं बोलणं ऐकलं आणि कपाळाला आठी घातली. तुझी अहिराणी. म्हटलं, हे घरी बंद. मंजूला उद्या शाळेत बसायचं आहे, तिच्याशी शाळेतलंच मराठी बोलायचं. तू म्हणालीस, मला ते येत नाही. म्हणून मी शंभर पानी वही घेतली आणि तुला चाळीस वाक्यं लिहून दिली. नंबर घालून. इकडे ये. पाणी हवं का? खाली बस. हात धू. तू सातवी शिकलेली, पंधरा दिवसांत पाठ करून आलीस. वाक्य वहीत नसेल तर मंजूशी बोलायचं नाही, हे तू इतकं पाळलंस की नवनाथ मला रस्त्यात गाठून म्हणाला, "बाई, आमच्या घरात आता मशीन बंद पडल्यावानी वाटतं." मी म्हटलं, धीर धरा.

एकदा तू वही उघडून मला विचारलंस, "बाई, लाडानं काय म्हनू तिले?" मी एकेचाळिसावं वाक्य लिहिलं, "शाब्बास." तू ते वाचलंस, मान डोलावलीस आणि वही मिटलीस. ती मान मला आता रोज दिसते.

डिसेंबरभर मी घरोघर गेले. बस, रिक्षा, पायी. माझं सांगणं मागे घेते म्हणून सांगितलं. अथालला जयवंत गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, पोरगा पंधराचा झाला. आता कुठून सुरू करू ते तरी सांगा." चहा ठेवला पुढे. मला पिववला नाही. खानवेलला भिमाबाई पोट धरून हसली. "मी कवा ऐकलं तुमचं? आमी कोंबडीशी पण आमच्या बोलीत बोलतो, आन् पोराशी कागद बघून बोलू?" तिचा वाळू वीसेक शब्द बोलतो, कावेरी. बकऱ्यांना नावानं हाका मारतो. माझं न ऐकणारी एकटी भिमाबाई. सगळ्यांत जास्त ऐकणारी तू.

आता ट्रकचं लिहिते. ९२ साल, जुलै. फाटक उघडं राहिलं होतं आणि मंजू रस्त्याकडे धावली. वळणावरून कारखान्याचा ट्रक येत होता. तू पायरीवरून ओरडलीस, "इकडे ये!" वाक्य पहिलं. ती वळली नाही. तू पुन्हा तेच म्हणालीस. त्या क्षणीसुद्धा तू वहीच शोधलीस, कारण मी तिथे बसले होते. मग तुझ्या पोटातून निघालं, "मंजू व, मनी माय, आठे ये!" आणि ती जागच्या जागी थांबली. वळून तुझ्याकडे बघितलं. ट्रक गेला. तू तिला छातीशी धरून उभी होतीस, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "काय ठरलं होतं आपलं, कावेरी?"

तू त्यानंतर दोन शनिवार आली नाहीस. तिसऱ्या शनिवारी झिपरूनं सांगितलं की तुम्ही गावी गेलात, नवनाथनं काम सोडलं. मी गॅलरीत बायकांना म्हटलं, लोकांमध्ये चिकाटी नसते.

मला भानच नव्हतं, नकळत चूक झाली, असं लिहून हे पत्र मी इथे संपवू शकते. हे म्हणतात, तसंच संपव, तिला बरं वाटेल. पण मला माहीत होतं. ट्रकच्या आधी एक वर्ष मला माहीत झालं होतं. ९१ च्या जूनमधला शनिवार, तुम्ही सगळ्या गेला होतात. मी स्वयंपाकघरात भाजी फोडणीला टाकत होते. केदार दारात आला, माझा पदर ओढला आणि म्हणाला, "भूक लागनी का रे भाऊ?" स्पष्ट. बारा-तेरा वर्षांत पहिल्यांदा. तुझाच हेल, शेवटच्या "भाऊ"वर तू जशी हळूच उतरायचीस तसाच. मंजूशी अहिराणी बोलायची तुला बंदी होती, पण केदारच्या बाबतीत मी काही सांगितलंच नव्हतं. तुझ्या घरात न खपलेलं सगळं बोलणं तू माझ्या मुलावर ओतत होतीस, त्या एका तासात. मी आनंदानं रडले असेन असं तुला वाटेल. मी रागावले. सहा वर्षं मी जे ओतलं त्यातलं एक अक्षर नाही, आणि हे? मी त्याचे खांदे धरून म्हटलं, से, आय ॲम हंग्री. त्यानं दोन्ही कान झाकले. मी कुणाला सांगितलं नाही. यांनाही नाही. पुढच्या शनिवारी तू आलीस तेव्हा तुला विचारलं, बारावं वाक्य झालं का? त्या दिवशी तुला खरं सांगितलं असतं तर तू घरी जाऊन वही चुलीत घातली असतीस. मंजू तेव्हा सहा वर्षांची होती. आता बारावं लागलं असेल. उशीर झाला का, असं मी वैशालीला विचारलं. ती म्हणाली, माहीत नाही, पण बोला. मी तुलाही तेवढंच सांगू शकते. काही लिहून देणार नाही, नंबर घालणार नाही. तिच्याशी बोल, जे तोंडाला येईल ते.

आता पुडकं उघड. दोनशे पानी वही आहे, कोरी. तू गेल्यापासून केदार दर शनिवारी चार वाजता फाटकाशी जाऊन उभा राहतो आणि म्हणतो, भूक लागनी का रे भाऊ. पहिली दोन वर्षं मी त्याला पोळी नेऊन द्यायचे. तो ताट बाजूला सारायचा आणि मी चिडायचे, मग मागतोस कशाला? आत्ता, या डिसेंबरात, बस चुकून खानवेलच्या थांब्यावर बसले असताना माझ्या डोक्यात आलं. तो जेवण मागत नाही. ते तुझं नाव आहे. त्याच्यापाशी तुझं तेवढंच नाव आहे. नोव्हेंबरपासून मी त्याच्याशी मराठीत बोलते, पण माझं मराठी त्याला बाईंचं वाटतं, तो सरकून बसतो. कावेरी, मी एकोणसाठीला आले. मला माझ्या मुलाशी बोलायचं आहे. त्या एका तासात तू त्याच्याशी काय काय बोलायचीस, ते मला या वहीत लिहून पाठव, तुझ्या भाषेत, तुला आठवेल तसं. मी पाठ करीन. चूक झाली तर झिपरूच्या बायकोला विचारीन, ती हसली तरी चालेल. चाळीसच हवीत असं नाही. आणि लाडानं काय म्हणायचीस, ते पहिल्या पानावर लिही. पावणेचार झाले. त्यानं चपला घातल्या आहेत.

तुझीच,
बाई