बिस्कूट कोणाकडे पाहतो

तात्यापारा, रायपूर
२० सप्टेंबर २०१३

प्रिय क्षमा,

तुझे पाकीट गोकुळाष्टमीच्या सुमारास मिळाले. पोच द्यायला इतका उशीर करणे माझ्या स्वभावात बसत नाही, हे तू जाणतेस. उशिराचे कारण पुढे येईल. फोटो मोबाइलवर न पाठवता तू ते छापून, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून टपालाने पाठवलेस, याचे मला फार बरे वाटले. पडद्यावर पाहून मला चित्र काढता येत नाही. बोट लागले की फोटो सरकतो, आणि ज्याचा कान पाहत असतो त्याचे शेपूट समोर येते. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिले होतेस की राधिकेला दिवाळीची भेट म्हणून बिस्कूटचे चित्र द्यायचे आहे, ते सवडीने काढून कुरिअरने पाठवावे, आणि याही दिवाळीला रायपूरला येणे जमेलसे दिसत नाही. वाक्ये निर्दोष होती. शेवटचे मी पुन्हा पुन्हा वाचले.

सुशील गेल्यानंतरची पहिली काही वर्षे तू दर दिवाळीला राधिकेला घेऊन विशाखापट्टणमहून येत असस. रेल्वेने त्याच्या जागी तुला दिलेली नोकरी, मुलीची शाळा, सगळे सांभाळून येत असस. मग तुझा मुक्काम आखडत गेला, आणि अलीकडे येणेच थांबले. तुझ्या सासूबाई त्याबद्दल बोलत नाहीत. फक्त चकल्यांचे पीठ दरवर्षी थोडे कमी भिजवतात. मुलगा गेल्यावर सुनेवर आणि नातीवर हक्क सांगता येत नाही, एवढे आम्हा दोघांना समजते. तरीही तुम्ही दोघी अजून या घरच्या आहात की हळूहळू पाहुण्या होत चालला आहात, हा प्रश्न आमच्या घरात रोज वावरत असतो, आणि तो कोणी मोठ्याने विचारत नाही.

कुत्र्याच्या नावाबद्दलचा माझा आक्षेप मी राधिकेकडे फोनवर नोंदवला होता. मराठीत बिस्किट म्हणतात, बिस्कूट नव्हे. तिने नेहमीप्रमाणे हिंदीत उत्तर दिले, ‘दादाजी, कुत्ता मेरा है, तो नाम भी मेरा वाला चलेगा।’ युक्तिवादात खोट सापडली नाही म्हणून मी माघार घेतली.

मी म्हातारपणी कुत्र्यांची चित्रे काढतो, हे तू कार्यालयात कौतुकाने सांगतेस असे राधिकेकडून कळले. पण याची सुरुवात कशी झाली, ते तुला कधी सांगितलेले नाही. शाळेत मराठी आणि चित्रकला शिकवत असताना मी फावल्या वेळी गेलेल्या माणसांच्या तसबिरी करीत असे, हे तू पाहिलेले आहेस. लग्नाच्या घोळक्यातला नखाएवढा चेहरा दाखवून लोक म्हणत, गुरुजी, एवढाच आहे. त्यावरून मी छातीपर्यंतचे चित्र करावे, मागे फिकट निळे आकाश, खांद्यापाशी थोडे ढग. आणि गोल बाजारातल्या भैय्यालालने चौकट करताना वरच्या पट्टीला हार अडकवण्यासाठी पितळी आकडी ठोकावी, अशी आमची रीत. तीस वर्षांत ती कधी बदलावी लागली नाही.

मग वेगळे राज्य झाले, रायपूर राजधानी झाली, आणि बदल्या होऊन आलेल्या माणसांबरोबर त्यांचे कुत्रेही आले. एके दिवशी भैय्यालाल एक पाकीट घेऊन घरी आला आणि म्हणाला, ‘गुरुजी, मनखे तो बहुत बनाए हव, अब कुकुर ला घलो बना दव।’ माणसे पुष्कळ केलीत, आता कुत्राही करा. ते काम देवयानी नावाच्या मुलीचे होते. ती पुण्याची, नव्या राजधानीच्या आराखड्याच्या कार्यालयात नोकरीला होती, आणि तिच्याकडे खंडू नावाचा लॅब्रडोर होता. मी जीव ओतून काम केले. भैय्यालालनेही केले. चित्र पोचते करायला मी स्वतः गेलो. देवयानीच्या आईंनी कागद उलगडला, निळे आकाश पाहिले, खंडूच्या खांद्यापाशी ढग पाहिले, वरच्या पट्टीवर आकडी पाहिली, आणि शांतपणे म्हणाल्या, ‘अहो, पण आमचा खंडू जिवंत आहे.’ तो तेव्हा माझ्याच चपला चावत होता.

घरी येऊन हे सांगितले तेव्हा तुझ्या सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावे लागले. मी ते चित्र परत आणले आणि पुन्हा केले. आकाश पुसले, फरशी काढली, चपला काढल्या. पण खंडू काही जिवंत दिसेना. बरेच दिवस अडून बसल्यावर लक्षात आले की मी त्याची नजर कुठेच लावलेली नव्हती. माणूस फोटोसाठी कॅमेऱ्याकडे पाहतो. कुत्र्याला कॅमेरा ठाऊक नसतो. तो कॅमेरा धरणाऱ्याकडे पाहतो. तेव्हापासून कोणी फोटो आणला की माझा पहिला प्रश्न असतो, हा काढला कोणी. एका साहेबांच्या कुत्र्याचे चित्र फार हुबेहूब झाले होते, पण त्यांच्या पत्नीला आवडेना. आमचा राजा असा केविलवाणा नाही, म्हणाल्या. चौकशी केली तर तो फोटो इंजेक्शन देणाऱ्या कंपाउंडरने काढलेला होता. मी दुसरा मागवला, त्यांच्या धाकट्या मुलीने काढलेला. राजाचे कान लगेच वर आले.

आता तुझ्या फोटोंविषयी. ते मी टेबलावर मांडले आणि नेहमीचा प्रश्न मनाशी विचारला. बिस्कूट एकटा आहे ते फोटो राधिकेने किंवा तू काढले असतील. त्यांत तो बरा दिसतो, थोडा कंटाळलेला. पण एक फोटो निराळा आहे. समुद्राजवळच्या एखाद्या घराचा ओटा असावा, उतरते ऊन आहे. बिस्कूट मध्ये बसला आहे, एक कान दुमडलेला, शेपूट हलल्यामुळे धूसर. त्याच्या एका बाजूला राधिका आहे आणि दुसऱ्या बाजूला तू. बिस्कूटसाठी हा फोटो पाठवावा, असे तुला वाटले ते योग्यच होते, कारण त्याच्या डोळ्यांत जे आहे ते दुसऱ्या कोणत्याही फोटोत नाही. पण घरातले सगळे ज्या फोटोत आहेत तो काढायला आणखी कोणीतरी लागते. त्याची सावली ओट्यावर पडली आहे. कोपरे बाहेर काढून कॅमेरा धरलेला, उंच माणूस. तुम्ही तिघेही त्याच्याकडे पाहत आहात, आणि तू हसते आहेस. क्षमा, तुझे लग्न होऊन तू या घरात आलीस तेव्हा अशी हसत असस. त्यानंतर मी ते पाहिले नव्हते, आणि पाहिले नव्हते हेही मला ठाऊक नव्हते.

मी तो फोटो पुस्तकाखाली ठेवला आणि दुसऱ्यावरून काम सुरू केले. ते जमत नव्हते. तुझ्या सासूबाईंनी काही दिवस हे पाहिले आणि एका सकाळी चहा ठेवताना म्हणाल्या, ‘काहून लपवून राहिले जी तो फोटो? मले माहीत आहे.’ त्यांना होळीपासून माहीत होते. राधिकेने फोनवर सांगून टाकले होते, ‘दादी, बिस्कूट तो अंकल को देखते ही लोटने लगता है।’ म्हणजे त्यांना पाहताच तो लोळण घेतो. मला का सांगितले नाही, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, ‘तुमाले सांगतलं असतं तर आधी माझं वाक्य दुरुस्त केलं असतं, मंग आइकलं असतं.’ संसाराच्या चाळीस वर्षांत मी त्यांची भाषा सुधारू शकलो नाही, आणि त्या दिवशी प्रयत्नही केला नाही. थोड्या वेळाने, कप विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून त्यांनी राधिकेबद्दल विचारले, ‘पोट्टी आपली राहीन ना जी?’

मी वर खोलीत गेलो, फोटो बाहेर काढला आणि चित्र नव्याने मांडले. लोक साधारणपणे सांगतात, गुरुजी, साखळी काढून टाका, मागची बादली काढून टाका, फोटो काढणाऱ्याची सावली तर काढाच. आणि मी काढतो. या वेळी सावली राहू दिली. ती पुसली असती तर बिस्कूट कशासाठी एवढा आनंदला आहे, हे पाहणाऱ्याला कळले नसते, आणि चित्रात जे कळत नाही ते चुकलेले असते, असे मी मुलांना जन्मभर शिकवले. सावली रंगवायला मला तीन बैठका लागल्या. सावली काळी नसते. ओट्याचा तांबूस रंग तिच्यात उतरतो. रंगवता रंगवता त्या माणसाच्या उभे राहण्याची मला ओळख झाली. तो किंचित वाकला आहे, राधिकेच्या उंचीला येण्यासाठी. एवढे मला पुरले.

तू दिवाळीला का येत नाहीस, हे मला त्याच दिवसांत उमगले. इथे आलीस की फिकट साडी नेसायची, बैठकीत बसायचे, समोर सुशीलची मी केलेली तसबीर, आणि आमच्यापासून एवढी मोठी गोष्ट झाकून ठेवायची. हे तुझ्यासारखीला जमणारे नाही. तू खोटे बोलण्यापेक्षा न येणे पत्करलेस. त्यात मला कोणताही दोष दिसत नाही. पण तसबिरीबद्दल आमच्या कामातली एक गोष्ट तुला सांगतो. गेलेल्या माणसाचे चित्र करताना त्याची नजर समोरच्यावर रोखलेली ठेवायची नसते. ती थोडी पलीकडे सोडायची, बघणाऱ्याच्या खांद्यावरून. घरात वावरणाऱ्यांना पहारा वाटू नये म्हणून. सुशीलचे चित्र करतानाही ही रीत मी पाळली. पुढच्या खेपेला नीट पाहा. तो तुला अडवत नाही. ती तसबीर आहे तिथेच राहील; तिथून ती हलवावी असे मला वाटत नाही, आणि तुलाही वाटणार नाही अशी खात्री आहे.

आज पितृपक्ष लागला. असले पत्र या पंधरवड्यात लिहू नये, नवरात्र बसल्यावर लिहा, असे तुझ्या सासूबाईंचे म्हणणे. मी म्हटले, ज्याला हे कळायला हवे तो याच दिवसांत घरी यायचा आहे, त्याच्यासमक्ष लिहितो. त्या उठून खाली गेल्या. मघाशी खाली डबे काढल्याचा आवाज आला. बहुधा चकलीच्या भाजणीसाठी डाळी पाहत असतील.

चित्र पूर्ण झाले आहे, आणि मी ते कुरिअरने पाठवणार नाही. ते घरी येऊन न्यावे. हे पत्र मी तेवढ्यासाठीच लिहिले. नव्याने संसार मांडण्याची परवानगी तू आमच्याकडे मागितलेली नाहीस, आणि तुझ्या आयुष्याची परवानगी देणारा मी कोणी नाही. मी तुम्हाला दिवाळीला बोलावतो आहे. तिघांनी या. वरची खोली रिकामी करून घेतो, रंगांचा वास दोन दिवसांत जाईल. तुला आवडेल ती साडी नेस. बिस्कूटलाही आणा, गाडीत कुत्रा आणण्याचे नियम तू माझ्यापेक्षा चांगले जाणतेस, आणि देवघराचा उंबरा सोडून त्याने घरात कुठेही बसावे, असे सासूबाईंनी मान्य केले आहे. लग्न व्हायचे असेल तर ते कुठे आणि केव्हा, ते तुम्ही ठरवा. तुझे वडील नाहीत, तेव्हा वडिलकीचे कोणी हवे असले तर मी आहे, आणि नको असले तरी जेवायला येईन. गाडी आणि डबा कळव, मी स्टेशनवर असेन. आणि त्यांचे नाव कळव. पहिल्याच भेटीत, भर फलाटावर, मला त्यांना ‘अहो, अहो’ म्हणून हाक मारावी लागू नये.

तुझाच,
बाबा