हिरवळीखालचे पाय

२ सप्टेंबर, सोमवार

वैताग नुसता! सकाळभर ताडपत्रीवरचं पाणी उपसलं. ताडपत्री घातली होती ती चर कोरडा राहावा म्हणून! मधोमध टेकू द्यावा म्हटलं तर डॉक्टर फेनविक म्हणतात, "हेस्टर, टेकूला परवानगी लागते." टेकूला! विद्यापीठाने हा माणूस खोदकामाचा प्रमुख म्हणून पाठवलाय की परवान्यांचा, कळत नाही.

दुपारी ऊन पडलं. टॅम्सिनने नवा सांगाडा मोकळा केला — हाडं बघून दुखणं सांगणारी ही पोर, तिशीची, गुडघ्यावर बसून गुणगुणत काम करते. डोकं, बरगड्या, हात पोटावर घेतलेले, कंबर, मांड्या. गुडघ्यांपाशी आली आणि गुणगुणणं थांबलं. पुढे मातीची भिंत. भिंतीवर कुंपण. कुंपणापलीकडे बोल्स क्लबची हिरवळ, जिच्यावर पंचक्रोशीतली म्हातारी मंडळी गोळे घरंगळवतात.

म्हणजे माणूस आमच्याकडे आणि त्याचे पाय क्लबकडे. आणि ती हिरवळ राखतो कोण? तर आमचाच अल्बन! नवरा कुठे आडवा यावा याला काही सुमार?

३ सप्टेंबर

आज पुन्हा बजावलं मला. "बुवा" म्हणायचं नाही, "सांगाडा सतरा" म्हणायचं. "नाव दिलं की माया जडते," डॉक्टर म्हणाले. मग जडू दे की! निवृत्तीनंतर हौसेने इथे माती उकरायला आले, पण शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेला माझा. कुठल्याच पोराला मी आकड्याने हाक मारून वाढलं नाही.

पायांचं एवढं काय, म्हणून टॅम्सिनला विचारलं. ती म्हणाली, हे आठशे वर्षांपूर्वीच्या कुष्ठरोग्यांच्या इस्पितळाचं दफनस्थान असलं तरी इथे पुरलेला प्रत्येक जण रोगी नव्हता. सेवा करणारेही इथेच पुरलेत. रोगाची खूण चेहऱ्यावर राहते आणि पायांवर. बुवाचा चेहरा कोणे काळी पाण्याचा पाइप टाकताना चेचला. उरले पाय.

तेवीस तारखेला कंत्राटदार येणार. इथे गाड्या लावायची जागा होणार, काँक्रीट पडणार. निघालं ते निघालं, राहिलं ते कायमचं खाली. वसंतात पाद्रीबाई सगळ्यांना पुन्हा चर्चच्या आवारात पुरणार आहेत, प्रार्थना म्हणून. अर्ध्या माणसासाठी कसली प्रार्थना म्हणणार? अर्धी?

नाही. बुवा अख्खा जाईल. मी बघते कसा जात नाही ते.

५ सप्टेंबर

अल्बनशी बोलले. बटाटे सोलताना, म्हणजे हात गुंतलेले असतात, पळ काढता येत नाही.

"किती कापावं लागेल?"

"दाराएवढं."

"दाराएवढं! अगं, चौदा तारखेला अंतिम सामना आहे."

"सामन्यानंतर काप."

"तीस वर्षं केस विंचरावेत तशी विंचरलीय ती हिरवळ. आठशे वर्षं तो निवांत पडलाय ना? पडू दे आणखी आठशे."

"अर्धा?"

"झोपलेल्याला पाय कुठे लागतात, हेस्टर!"

सुरी आपटून बाहेर आले. बटाटे त्यानेच उकडले. कच्चे राहिले.

६ सप्टेंबर

पाऊस. अबोला. दोन्ही अजून चालू.

७ सप्टेंबर, शनिवार

क्लबच्या कमिटीपुढे उभी राहिले. अध्यक्ष पर्सी गोटोबेड — आडनावाचा अर्थच 'झोपायला जा', आणि माणूसही अर्धा झोपलेला. मी म्हटलं, बाबांनो, आपल्या क्लबचं नाव मॉडलिन. आपण जन्मभर समजत आलो की मॉडलिन नावाचा कुणी जमीनदार असेल. जमीनदार नव्हे, ती बायबलातली संत मेरी मॅग्दलीन! तिच्या नावाचं इस्पितळ होतं इथे. तोंडातोंडी मॅग्दलीनचं झालं मॉडलिन. तुमच्या टोप्यांवर कुष्ठरोग्यांच्या इस्पितळाचं नाव शिवलंय!

वाटलं होतं, लाजतील. पर्सीने टोपी काढून लांब धरली. "म्हणजे हे... लागतं का गं?"

दुसरा कुणी म्हणाला, "त्याचे पाय आमच्याकडे आहेत तर सभासद करून घेऊ. वर्गणी अर्धी." हसून हसून लोटपोट! अल्बन कोपऱ्यात बसून चहात बिस्किट बुडवत होता. हसला नाही, तेवढं बरं. बोललाही नाही. त्याच्या तोंडाचं कुलूप मी कधी फोडेन ते फोडेन.

ठराव नामंजूर.

९ सप्टेंबर

डॉक्टर म्हणतात, "वरचा भाग उचलून घेऊ, हेस्टर. विज्ञानाला तेवढं पुरतं." विज्ञानाला पुरत असेल!

१० सप्टेंबर

चहाचा थर्मास घरी विसरले. अल्बन घेऊन आला. कुंपणाशी उभा राहून देईल आणि जाईल वाटलं. तर खाली उतरायला निघाला. डॉक्टर धावले, "टोपी! टोपी!" — डोक्यावर पिवळं टोपडं चढवलं आणि मग आमचे साहेब चरात उतरले.

बराच वेळ बुवाकडे बघत राहिला. मग भिंतीकडे, जिथे गुडघे मातीत जातात. तिथली माती बोटाने खरवडली. वास घेतला.

"हा कोपरा," म्हणाला, "दर उन्हाळ्यात पिवळा पडतो. खत घातलं, पाणी घातलं. मला वाटायचं माझंच काही चुकतंय."

टॅम्सिन म्हणाली, "थडग्यातली माती भुसभुशीत असते. पाणी ठरत नाही तिच्यात."

"अस्सं!" अल्बन म्हणाला. आणि बुवाकडे बघून, "मग आधी नाही सांगायचं, लेका?"

सांगाडा सतरा नाही म्हणाला. लेका म्हणाला!

११ सप्टेंबर

अल्बन पर्सीच्या घरी जाऊन भांडून आला. रविवारी, सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, हिरवळ तो स्वतः कापणार. पर्सी म्हणे दारात पायजम्यावर उभा राहून "कमिटी, कमिटी" करत होता. अल्बन म्हणाला, "कमिटीने उद्यापासून स्वतः गवत कापावं." पर्सीने तिथेच मान डोलावली!

नवऱ्याला दोन वड्या जास्त वाढल्या, ओट्सच्या, पाकातल्या. त्याने एकच खाल्ली. हल्ली असंच करतो.

१२ सप्टेंबर

हे देवा. आता बूट!

अल्बनची अट — हिरवळीवर बूट घालून कुणी पाऊल टाकायचं नाही. मोज्यांवर यायचं. क्लब निघाल्यापासूनचा नियम आहे आणि राणी आली तरी मोडणार नाही.

डॉक्टरांची अट — खोदकामात लोखंडी टोकाच्या बुटांशिवाय कुणी उभं राहायचं नाही. विमा आहे, नियम आहे.

"मग हिरवळ खोदकामात धरायची की नाही?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, विचारून सांगतो. कुणाला विचारणार? दोघे कुंपणाच्या दोन्ही बाजूंना उभे, एक बुटांकडे बोट दाखवतोय, दुसरा मोज्यांकडे. मधे बुवा, त्याला दोन्ही नाहीत!

१३ सप्टेंबर

तोडगा टॅम्सिनचा. सीमेवर फळी टाकायची. चरात बूट, फळीपलीकडे मोजे. कापेल फक्त अल्बन. डॉक्टर तेवढा वेळ "दुसरीकडे बघतील".

माणसाने दुसरीकडे बघावं यासाठी मला सहा वेळा चहा करावा लागला.

१४ सप्टेंबर, शनिवार

क्लब हरला. पर्सीच्या मते बुवाचा शाप.

१५ सप्टेंबर, रविवार

नीट लिहिते.

ऊन होतं. अल्बन फळीवर बसला, बूट काढले, जोडीने नीट मांडून ठेवले. हिरवळ कापणारं पातं घेऊन उभा राहिला. टॅम्सिन खाली चरात, तिचे डोळे नेमके त्याच्या पावलांच्या उंचीवर. तो पहिली रेघ मारणार एवढ्यात ती म्हणाली, "अल्बन, थांबा. डावा पाय उचला."

"का गं? काही चिकटलं?"

मोज्याचा तळवा काळपट लाल, भिजलेला. तिने मोजा सोलून काढला. करंगळीखाली जखम — मी लिहिणार नाही कशी होती. बुटात हात घातला तर कुंपणाच्या तारेचा तुकडा, तळातून वर आलेला. किती दिवस त्यावर चालत होता, देव जाणे.

"दुखत नाही?" टॅम्सिनने विचारलं.

"काय दुखायचंय?"

तिने मोजा खाली ठेवला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "हेस्टरमावशी, बुवासारख्यांचं असंच व्हायचं. रोग पाय खात नाही, जाणीव खातो. माणूस जखमेवर चालत राहतो." मग घाईघाईने, "यांचं ते नाही हो! यांची बहुतेक साखर वाढली असेल. पण आत्ता, याच मिनिटाला इस्पितळात न्या."

अल्बन अजून पातं धरून उभा. "आधी हे कापू दे." मी ओरडले. चाळीस वर्षांत ओरडले नसेन तशी ओरडले. गाडीत बसवेपर्यंत मागे वळून सांगत होता, "टॅम्सिन, उथळ काप! मुळं दोन बोटं ठेव! गुंडाळून सावलीत—"

१६ सप्टेंबर

साखरच. खूप, आणि कधीपासूनची. नसा बधिर झाल्यात. करंगळी जाईल, पाऊल राहील. डॉक्टरीणबाई म्हणाली, आणखी आठवडा गेला असता तर पाऊलही गेलं असतं.

मी या माणसाबरोबर एकाच पलंगावर निजते. मला कळलं नाही!

संध्याकाळी टॅम्सिन इस्पितळात त्याच्या पलंगाशी आली. तिने मोजे घालून कापलं, उथळ कापलं, पर्सीने गुंडाळ्या सावलीत नेल्या. बुवाचे पाय निघाले. रोगीच होता. बोटं झिजलेली. पण हाड सडून पुन्हा भरून आलेलं, वरचेवर. "आपोआप भरत नाही असं," ती म्हणाली. "ज्याला स्वतःला कळत नाही, त्याची जखम रोज दुसऱ्या कुणीतरी बघावी लागते."

अल्बन ऐकत होता. म्हणाला, "अख्खा निघाला ना?"

"अख्खा."

"मग झालं."

१९ सप्टेंबर

घरी आणलं. घमेल्यात पाणी घेऊन त्याच्यापुढे बसले, पाय आत घेतला, प्रत्येक बोटाच्या बेचक्यातून हात फिरवला. तो वरून बघत होता, दुसऱ्याच कुणाचा पाय बघावा तसा.

"हेस्टर," त्याने विचारलं, "पाणी गरम आहे का गं?"