मेथीच्या पाण्यासोबतची गोळी

रवि. ९ नोव्हेंबर, अकोला

मागच्या रविवारी याच वहीत लिहिलं होतं : "मोठीआईचे व्हिडिओ बायका हसायला पाहतात. औषध म्हणून कोणी घेत नाही, तेव्हा काळजी नको." चूक. खोडत नाही, दुरुस्ती लिहिते.

आज मेथीच्या पाण्याच्या व्हिडिओखालच्या सगळ्या प्रतिक्रिया वाचल्या. हसणाऱ्या आहेतच. पण मधे मधे : "आजपासून सुरू केलं." "दाणे किती घ्यायचे, मोठीआई?" "चहाच्या आधी का नंतर?" हसायला आलेला माणूस दाणे मोजत नाही.

आणि एक, 'तिवस्याची सून' नावानं, फोटोच्या जागी मोगरा : "तुमचं पाहून सासऱ्यांची शुगरची गोळी बंद केली. आता फक्त मेथीचं पाणी. त्यांना मस्त वाटून राहिलं."

मोठीआई ओट्यावर वाती वळत होती, तिला वाचून दाखवलं. (माझी मोठी काकू; पुढे मो.आ. एवढंच लिहीन.)

"बरं झालं ना मंग! मस्त वाटून राहिलं म्हनते."

"अगं, गोळी बंद केली त्यांची. तू स्वतः घेतेस ना गोळी?"

"घेते ना. सकाळ-संध्याकाळ."

"मग व्हिडिओत का नाही सांगितलंस?"

तिनं वात खाली ठेवली. "आंघोळ करते हे सांगतलं का? चहा पेते हे सांगतलं का? गोळी तं रोजचीच हाये. ते काय सांगाची गोष्ट हाये वो?"

खरंच, तिच्या लेखी ती गोळी औषधात जमाच नाही. इतकी वर्षं घेते की ती चहा-आंघोळीत जमा झाली. व्हिडिओत म्हणते, "मेथीचं पाणी पेते अन् पाहा, माही शुगर नॉर्मल आली." एक शब्द खोटा नाही. समोर फोन धरून मी उभी, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाची, मलाही काही खटकलं नाही.

तिवस्याच्या सुनेला लिहिलं : कृपया गोळी बंद ठेवू नका. मोठीआई रोज गोळी घेतात, मेथीचं पाणी त्याच्या जोडीला. सासऱ्यांना लवकर डॉक्टरांना दाखवा. 'कृपया' काढलं, पुन्हा घातलं, मग पाठवलं. अमरावतीच्या गाडीची वेळ झाली.


सोम. १० नोव्हें., अमरावती

उत्तर नाही. तासिकेत तीनदा फोन पाहिला, सरांनी एकदा.

रूमवर सनाला सांगितलं. सना बाळापूरची, घरचं कापडाचं दुकान. तिची अम्मी मो.आ.ची पक्की प्रेक्षक. सना म्हणाली, "अम्मी क्या बोलती मालूम? जो अपने जैसा बोलता, वो झूठ कायको बोलेगा?" आणि वर : "तुझी मोठीआई पुस्तकी मराठी बोलली असती ना, अम्मीनं पहिल्या मिनिटाला फोन बाजूला ठेवला असता."

म्हणजे 'मले' न् 'तुले' ऐकलं की दार उघडतं. मलाही तसंच होतं की. परवा त्वचेचं काहीतरी शोधत होते, तर वरच्या चार चांगल्या पानांवरून सरळ खाली एका अकोल्याच्या बाईकडे गेले.


बुध. १२ नोव्हें.

उत्तर आलं! लांबलचक. उतरवून ठेवते, कारण यातलं काही माझ्याकडून बदलायला नको :

"ताई, मी काही डोळे मिटून केलं नाही. आधी मोबाईलवर तीन डॉक्टर पाहिले. पांढरा कोट, मागे पुस्तकं. तिघंही शेवटी आपली पावडर विकत होते. मोठीआई काहीच विकत नव्हत्या. म्हणून त्यांचं ऐकलं. आता सासऱ्यांना सांगून पाहते, पण ते ऐकणाऱ्यातले नाहीत."

जेवण थंड झालं.

ही तर माझीच चाळणी. आणि मला ती मो.आ.नंच दिली. शाळेत घालायच्या आधी ओट्यावर, ताटात तुरीची डाळ पसरून त्यात बोटानं अक्षरं. मग किराण्याच्या पुड्यांचे कागद. पुडी सोडली की कागद माझ्याकडे. वाचून झालं की तिचे ठरलेले प्रश्न : "कोनं लिवलं? त्याले कसं मालूम? त्याचा काय फायदा?" सर्दीच्या जाहिरातीला मी पाचव्या वर्षी विचारायचे, तुझा काय फायदा. लोक हसायचे.

तिवस्याच्या सुनेनं तेच विचारलं. नीट विचारलं. आणि तिच्या सासऱ्यांची गोळी बंद झाली.

सना : "तिची काही चूक नाही." मी : तेच तर.


शनि. १५ नोव्हें., अकोला

दिवस लिहिण्यासारखा. क्रमाने.

सकाळी मो.आ.ला म्हटलं, नवा व्हिडिओ करू, त्यात गोळीचं सांग. "नाई करत. लोक म्हनतीन, मोठीआई लबाड निंगाली." मोठेबाबा (तिचे यजमान, माझे मोठे काका) पेपरमागून : "लबाड नाई, इसरभोळी म्हनतीन. ते तं मी लग्नापासून म्हनून राहिलो." त्यांच्यावर एक लसणाची पाकळी आली.

मी माझं हत्यार काढलं. "तूच शिकवलंस ना, त्याले कसं मालूम?"

"माहीच शुगर हाये! मले नाई मालूम तं का तुह्या पुस्तकाले मालूम?"

तिला तिचा आकडा माहीत आहे, खरा आहे. फक्त तो कशानं आला हे तिला एकटीला ठरवता येत नाही, आणि मलाही नाही. दोन्ही सोबत चालू आहेत. हे मी इतकं घोळवून सांगितलं की ती म्हणाली, "परीक्षेत असंच लिवतं का? मंग पास कशी होतं?"

दुपारपर्यंत अबोला. चहा मात्र दिला.

मग तिनंच विचारलं, "केवढा हाये तो बुढा?"

"माहीत नाही. सून सांगते, पिठाची गिरणी चालवतात अजून."

ती मोठ्याबाबांकडे पाहत राहिली. ते चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत होते. उठली, तोंड धुतलं, कुंकू नीट केलं, मोरपंखी साडी काढली. "लाव तुहा फोन. अन् माही हनुवटी दोन दाखवू नोको."

व्हिडिओ : एका हातात कप, एका हातात गोळीची पट्टी. "अव मायबहिनींनो, मेथीचं पाणी पेते सांगतलं, अन् गोळी घेते हे सांगाचं राहिलं. हे पाहा, हे माही गोळी. सकाळ-संध्याकाळ. मेथी माही हौस हाये, गोळी डॉक्टरची हाये. माही हौस पाहून कोनं आपल्या घरची गोळी बंद केली असन तं आजच्या आज दवाखान्यात जा अन् इचारा. मले नोका इचारू! मी मॅट्रिक नापास हाये, गणितात." इथे मोठेबाबा बनियनवर मागून चालत गेले. थांबले. फोनला नमस्कार केला.

मी इतकी हसले की शेवट हललाय. तसाच ठेवला.

जुना व्हिडिओ काढायचं मी बोलले नव्हते. तिचा सगळ्यात जास्त पाहिला गेलेला, त्यावर गल्लीत किती मान. तीच म्हणाली, "काढून टाक थो." मी बटण दाबलं तेव्हा मात्र तोंड फिरवून वाती मोजत बसली.


मंगळ. १८ नोव्हें., अमरावती

काढून काय उपयोग. जुना आज मलाच आला, नागपूरच्या मावशीकडून, वर पिवळ्या अक्षरांत 'आयुर्वेदतज्ज्ञ मोठीआई यांचा खात्रीशीर उपाय'. नव्याचे प्रेक्षक जुन्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. चूक पळत गेली, दुरुस्ती अजून चप्पल घालतेय.

मावशीला फोन केला, समजावलं. तिनं तिच्या तिन्ही ग्रुपांवर नवा टाकला. एकीनं विचारलं म्हणे, "हिचं खरं मानावं का त्या तज्ज्ञ बाईचं?" अहो, बाई तीच!

मो.आ.ला सांगितलं तर रागवायचं सोडून : "तज्ज्ञ म्हनते का मले? कोन्त्या रंगात लिवलं?" मग लाजली. मग रागावली. पिवळा रंग तिला शोभत नाही म्हणून.


गुरु. २० नोव्हें.

तिवस्याच्या सुनेचा निरोप. सासऱ्यांना नवा व्हिडिओ दाखवला. पूर्ण पाहिला, मोठ्याबाबांच्या नमस्काराला हसले, आणि म्हणाले :

"या बाईले गोळीच्या कंपनीनं पैसे देल्ले."

आधी म्हणे ही काही विकत नव्हती म्हणून खरी. आता पट्टी हातात धरून बोलते, म्हणजे विकली गेली.

सना पलंगावरून खाली. "किती मिळाले? पार्टी तर दे!" मीही हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग पुढचं वाचलं. मेडिकलमध्ये बोटातून शुगर तपासली, बरीच जास्त निघाली. पाणी सारखं पितात, गिरणीत परवा बसून घ्यावं लागलं. तरी म्हणतात, उन्हानं. नोव्हेंबरात! शेवटी सुनेला म्हणाले, "मोबाईलमधल्या बाईचा भरोसा नाई. आधी एक बोलली, आता एक. समोर येऊन सांगन तं मानीन." विषय मिटवायला म्हणाले असतील.

मो.आ.ला फोन करून सगळं वाचून दाखवलं. कंपनीच्या पैशांवर ती चिडेल म्हणून भीत होते. तिनं एवढंच विचारलं,

"तिवसा कुठीसा हाये वो?"

"नागपूर रोडवर. इथून एस.टी.नं तासाभरावर."

"मंग जाऊ ना. त्याच्यात काय येवढं?"

अनोळखी घर, अनोळखी म्हातारा, काय म्हणून जायचं. मो.आ. : "पाहुने म्हनून जाऊ. पाहुन्याले कोनी हाकलते का?"

मग सुनेशी पहिल्यांदा बोलले. आवाज माझ्याहून लहान. "खरंच येता, ताई? मोठीआईले घेऊन? अव माय!" मागे गिरणीचा घरघराट, तिचं हसणं त्याच्यावरून. मला वाटलं होतं, रडत असेल.

उद्याच जावं असं माझं मत. पण सासरे आजच दुपारी हिवरखेडला लेकीकडे गेले, रविवारी रात्री परत; तोवर गिरणी सुनेकडे. दवाखान्यात तिथेच न्यायला सांगा म्हटलं. तिनं नणंदेला लगेच फोन केला. नणंद म्हणते, गोड खाऊ देणार नाही, लक्ष ठेवते, पण दवाखान्याचं नाव काढलं की ते उठून एस.टी. धरतील. चक्कर आली तर मात्र न विचारता नेणार. एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलं.


शनि. २२ नोव्हें.

मो.आ.चे दिवसभर फोन. कोणती साडी? मोरपंखी नको, व्हिडिओतली आहे, कंपनीनं दिली म्हणतील. काय न्यायचं? लाडू नाही. मग मेथीची जुडी नेऊ? सना फोनमध्ये शिरून ओरडली, "खाला, मेथी मत ले जाना!" दोघी इतकं हसल्या की माझा प्रश्न राहून गेला.

प्रश्न हा : समजा त्यांनी मानलं. समोर बाई आली, आपल्यासारखी बोलली, म्हणून गोळी सुरू केली. म्हणजे ज्या कारणानं बंद झाली त्याच कारणानं सुरू. उद्या तिसरी कोणी गोड बोलणारी आली तर?

सना : "कारण नंतर शिकव. आधी गोळी."

बरोबर आहे. तरी समाधान नाही. संध्याकाळी पुन्हा फोन करून मो.आ.ला विचारलंच. ती म्हणाली, "बह्याड, येडी पोट्टी. मी कायले म्हनू माह्यावर भरोसा ठेव? मी म्हनन, भाऊ, कंपनीचा एक रुपया घेतला असन तं माही शपथ, पण माही शपथ नोका मानू. चाला संगं दवाखान्यात. मी बी बोट टोचते, तुमी बी टोचा. पाहू कोनाची जास्त निंगते."

पैज! शुगरची!

मी हे कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. चालेल का, माहीत नाही. सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, पैज म्हटली की मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, राहवत नाही, पण हरायचा रंग दिसला की ते उठून गिरणीत जातात.


रवि. २३ नोव्हें.

मो.आ. आली. स्टेशनवर पिशवी माझ्या हातात देऊन पहिलं वाक्य : "वाळली तू." रेक्टरबाईंनी एका रात्रीची परवानगी दिली, अट एकच, त्यांच्या गुडघ्यांवर काही सुचवावं. मो.आ. हात जोडून : "मी आता काईच नाई सांगत, बाई. डॉक्टरले इचारा." रेक्टरबाई खट्टू झाल्या. मला मात्र तिचा पापा घ्यावासा वाटला.

सनानं पलंग दिला. ती खाली गादीवर, अम्मीला व्हिडिओ कॉलवर मो.आ. दाखवतेय. अम्मीचा विश्वास बसत नाहीये की ही खरीच आहे. दोघी एकमेकींना जेवलात का विचारताहेत.

सुनेचा निरोप आला. सासरे हिवरखेडहून पोचले. चक्कर नाही, पण थकलेले, जेवले कमी. पाहुणे येणार एवढंच त्यांना सांगितलंय, कोण ते नाही. तालुक्याच्या दवाखान्यात अकराचा नंबर लावलाय, तोही त्यांना न सांगता.

त्यांना फसवून नेणं मला पटत नाही. दारात पाय ठेवल्यावर आधी नंबराचं सांगायचं, मग चहा. मो.आ. म्हणते, आधी चहा, बिनसाखरेचा. यावर अजून एकमत नाही.

निघायचं : उद्या, सोमवार, २४ नोव्हेंबर, सकाळी आठची एस.टी.