डोळे किती ठेवू

इंदिरानगर, नाशिक
२ मे

चि. वैष्णवीस,
अनेक आशीर्वाद.

नावाआधी 'सौ.' लिहू की नको, यात सकाळचा चहा गार झाला. शेवटी लिहिलं नाही. त्यातून काही अर्थ काढू नकोस. तुला फोन लावून पाहिला, लागत नाही. माझा नंबर तू बंद केला असशील तर ते बरोबरच आहे. मनमाडचा पत्ता तुमच्या लग्नपत्रिकेवर सापडला.

इकडे सगळं ठीक. ऊन फार आहे. देवळालीला तोफांचा सराव चालू आहे. दुपारी काचा थरथरतात आणि मी उगाच उठून दार बघते. अमोल सातपूरला कामावर वेळेवर जातो, वेळेवर येतो. माझ्या बीपीच्या गोळ्या आठवणीने आणतो.

तुझ्या लिंबाबद्दल सांगायचं होतं. झाड मी लावलं, पण पाच वर्षं राखलं तू, म्हणून तुझं म्हणते. ते छाटलं. जरा जास्तच छाटलं गेलं. गोरक्ष आला होता, पेठकडचा. माझ्या भावाच्या निफाडच्या बागेत दरवर्षी द्राक्षाच्या छाटणीला असतो तो. एप्रिल म्हणजे खरड छाटणीचे दिवस. वेलीवरचं सगळं काढून टाकायचं, नुसते खुंट ठेवायचे. महिनाभर तेच करणारा हात, लिंबालाही त्याने तेच केलं. आता अंगणात माझ्या कमरेएवढं खोड आहे आणि वर चार खुंट. कापलेल्या तोंडांना त्याने चुना आणि मोरचुदाची पेस्ट फासली आहे, निळी. बागेतला माणूस, त्याला लिंबू काय आणि वेल काय.

फुटेल. लिंबू चिवट असतं.

इथे उठले होते. पाणी घालून आले. सकाळीही घातलं होतं.

४ मे

पत्र उशीखाली राहिलं. काल लिहायला बसले तर तोफा सुरू झाल्या.

झाड छाटून तीन आठवडे होऊन गेले. फूट नाही. सालीला नख लावून पाहायचं असतं. खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत. एका जागी हिरवं दिसलं की दुसऱ्या जागेची शंका येते. मी दिवसातून चार वेळा जाते. खोडावर माझ्या नखांचे इतके ओरखडे झालेत की झाड वाळलं तर त्यांनीच वाळेल.

परवा लिहिलेलं वाचून पाहिलं. सगळं गोरक्षवर ढकललं आहे. तू त्याला ओळखत नाहीस, पण मला ओळखतेस. मी निफाडच्या बागायतदाराची मुलगी. लग्नाआधी हातात कात्री घेऊन वेली छाटल्या आहेत. ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी, एप्रिलची खरड काडीसाठी, आणि लिंबाला यातली कुठलीच नसते, हे मला झोपेतही सांगता येईल.

झालं ते असं. गोरक्ष झाडाभोवती फिरला. झाडावर लिंबं होती, फुलंही होती.

"बाई, आत्ता कशाला? लिंबं तरी उतरू द्या."

"आजच करायचंय."

"मंग हलकं करतो. वाळलेलं तेवढं काढतो."

"खरड कर."

तो हसला. "लिंबाला खरड? ह्यो काय द्राक्षाचा बाग हाय? शाळा सुटली, पर बाईंची छडी काय सुटली नाय."

मी हसले नाही. त्याने कात्री उघडली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "डोळे किती ठेवू?"

काडीवर जिथून कोंब येतो त्या जागेला बागेत डोळा म्हणतात. किती डोळ्यांवर काडी कापायची, हे मजूर आधी विचारून घेतो. माझ्या वडिलांना दर एप्रिलला हा प्रश्न विचारलेला मी ऐकला आहे. बागेत डोळा फुटला म्हणजे चांगली बातमी. वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची. त्या दिवशी तोच प्रश्न मला विचारला होता.

"एकही नको," मी म्हणाले.

"लय ऊन हाय, बाई. मरंल."

"मरू दे."

जाड फांद्यांना त्याने करवत लावली. काट्यांनी त्याचे हात कोपरापर्यंत ओरबाडले. कच्ची लिंबं फरशीवर पडून घरंगळत गेली. अंगणभर वास. जाताना त्याने चहा घेतला नाही. फाटकातून म्हणाला, "भिताडाकडं एक डोळा ठेवलाय. तुमाला सांगणार नव्हतो."

मग हे का केलं, ते लिहायला हवं. आज नाही. अमोल येईल इतक्यात.

६ मे

झाड छाटलं तो गुरुवार होता. आदल्या रविवारी आपली बैठक झाली होती, इथेच द्वारका चौकात, अमोलच्या काकांकडे. तू सगळ्यांसमोर सांगितलंस, अमोलने मारलं, डोकं खिडकीच्या गजावर आपटलं, आईंनी बाहेरून पाहिलं. सगळे माझ्याकडे वळले. ताटातला उपमा कोणी खात नव्हतं.

मी म्हणाले, "मी लिंबाखाली होते. झाडीतून खिडकी दिसत नाही."

तुझे वडील रेल्वेत सिग्नलवर नोकरी केलेला माणूस. आवाज चढवला नाही. म्हणाले, "मग पुढच्या रविवारी येतो आणि तिथं उभा राहून बघतो. दिसतं का नाही, एवढंच."

धनराजभाऊ सांगितल्याप्रमाणे आले. झाड नव्हतं. निळ्या खुंटांजवळ उभे राहिले. खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता तर लय चांगलं दिसतंय, विहीणबाई," म्हणाले आणि पाणी न पिता गेले. त्यांनी तुला हे सांगितलंच असेल.

त्या संध्याकाळी अमोल म्हणाला, "बरं केलंस, आई. घरात उजेड आला." खोटं बोल असं त्याने मला कधी सांगितलं नाही. तेवढाही भार त्याने स्वतःवर घेतला नाही.

दिसत होतं, वैष्णवी. वरून झाड दाट होतं, पण बुंध्याशी वाकलं की पानांखालून खिडकी सरळ समोर यायची. मी पडलेली लिंबं वेचत होते. त्याचा हात दिसला. पहिल्यांदा वाटलं, पडदा हलला. दुसऱ्यांदा तसं वाटायला जागा नव्हती. गज वाजला. मग तू बाहेर पाहिलंस, माझ्याकडेच. मी खाली वाकून एक लिंबू उचललं.

संध्याकाळी त्या लिंबांचं सरबत केलं. तीन पेले. तू तुझा संपवलास, धुतलास आणि उपडा ठेवलास. आठव्या दिवशी तू गेलीस.

अकरा तारखेला दुसरी बैठक आहे. 'मी कोणत्याही कारणाशिवाय सासर सोडले' असा कागद अमोलने टाइप करून आणला आहे. टीव्हीजवळ ठेवलाय. तुझ्या सहीची जागा आहे आणि तिच्याखाली 'साक्षीदार' म्हणून माझं नाव. मी तो तीनदा वाचला. शुद्धलेखनाची एक चूक आहे, ती दुरुस्त करायला पेन हातात घेतलं होतं. मग तेच पेन घेऊन इथे येऊन बसले.

त्या कागदावर सही करू नकोस. झाड असतं तर त्याखाली वाकून कोणीही पडताळा घेतला असता. ते मी राहू दिलं नाही. तुझ्या बाजूने बोलेल असं आता एकच उरलं आहे, मी, आणि माझा मला भरवसा नाही. अकराला मी रिक्षाने येईन, त्याच्या गाडीतून नाही. पण मध्ये पाच दिवस आहेत. तो रोज गोळी हातावर ठेवणार, जेवलीस का विचारणार. म्हणून आत्ताच लिहून देते. शेवटचा भाग वेगळ्या कागदावर आहे, म्हणजे बैठकीत दाखवायला बरा. मी त्या दिवशी काही वेगळं बोलले तरी हाच खरा धर.

माफी पत्रातून मागत नाही. तू दारात उभं केलंस तर येऊन मागेन.

गोरक्षने ठेवलेल्या डोळ्याचं अजून काही कळत नाही. आज नख लावलं नाही. ऊन चढायच्या आत पोस्टात जाते.

—

मी, आशा देवराम बोरस्ते, वय अडुसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार इंदिरानगर, नाशिक, लिहून देते की पंधरा मार्चला दुपारी मी अंगणातल्या लिंबाच्या झाडाखाली होते. तिथून खिडकी दिसत होती. माझा मुलगा अमोल याने माझी सून वैष्णवी हिला दोनदा मारलं. दुसऱ्यांदा तिचं डोकं गजावर आपटलं. हे मी पाहिलं आणि गप्प राहिले. बैठकीत मी खोटं बोलले. झाड मी छाटायला लावलं.

आशा देवराम बोरस्ते
साक्षीदार