लिंबू आणि उरलेले किलोमीटर

दादा, आता दारात छोटी एसयूव्ही उभी असते. तुमच्या जीपइतकी दणकट नाही, पण उंच आहे. तुमच्या सुनेला साध्या गाडीत वाकून बसणं जमेना, म्हणून हीच घेतली. तुम्ही गेलात तेव्हा ती घरभर फिरत असायची. आता संभाजीनगरच्या, तुमच्या वेळच्या औरंगाबादच्या, दवाखान्यात सलाइनमधून औषध चढवायला तिला न्यावं लागतं. डॉक्टर बरं होण्याविषयी बोलत नाहीत, पुढच्या खेपेविषयी बोलतात.

गाडी आणली त्या दुपारी मी दारातच गाडीत बसून तिथल्या पडद्यावर सर्व्हिसिंगची आठवण लावत होतो. ती शेजारी बसली होती. महिन्यांनी आठवण हवी की किलोमीटरनी, असं पडद्यानं विचारलं. माझं बोट आधी महिन्यांवर गेलं होतं. पण तिच्यासमोर पुढच्या दसऱ्यापर्यंतचे महिने निवडायचा धीर होईना, म्हणून किलोमीटर निवडले. तिथंच चुकलो. महिने पडद्यावर दिसले नसते. किलोमीटर मात्र गाडी चालू केली की समोर येतात, सर्व्हिसिंगला इतके उरले म्हणून, आणि दवाखान्याच्या प्रत्येक खेपेला कमी होतात.

तुमच्या जीपचं मीटर कायमचं बंद. हसनाबादहून जालन्याच्या किती खेपा झाल्या ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळं तुम्ही ऑइल बदलायचात ते पाडव्याला आणि दसऱ्याला. मला ते अजून दिसतं. तुम्ही जीपखालून हात पुसत निघता, बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढता, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवता. त्या दिवशी पॅसेंजर घ्यायचं नाही. पहिली खेप घरातल्या बाईची, पिंपळगावच्या रेणुकाईपर्यंत. आई होती तोवर ती पुढच्या सीटवर बसायची. ती गेल्यावर त्या वर्षी तुम्ही माझ्या नव्या बायकोला हाक मारलीत. ती संकोचून मागं बसायला लागली, तर तुम्ही म्हणालात, "पुढं बस बाई. मालकीण मागं बसली तर गाडीला कळतं." ती डोक्यावरचा पदर दाताखाली धरून हसली होती. लिंबू चिरडल्याचा आवाज आला तेव्हा तिनं हात जोडले.

तो आकडा ती वाचते हे माझ्या उशिरा लक्षात आलं. परतताना बदनापूरच्या पुढं एकदा तिनं पडद्याकडं बोट केलं आणि अगदी सहज, भाजी संपत आली असं सांगावं तसं म्हणाली, "हे संपले की बास. मंग मला कुठं नेऊ नका." मी म्हटलं, ते गाडीच्या ऑइलचं आहे, तुझं नाही. ती म्हणाली, "गाडी तरी सांगती. तुम्ही कुठं सांगता मला?" मग रस्ताभर ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि मी पडद्याकडं बघणं टाळत राहिलो.

पुढच्या खेपेत तो आकडा संपणार होता. शोरूममध्ये फोन केला, तर त्यांनी त्यानंतरची तारीख दिली. तिचा शब्द मला माहीत आहे. ती बोलली की बोलली. मग आदल्या रात्री ती घरात पडून असताना मी गाडीत जाऊन बसलो आणि सर्व्हिसिंग झाल्याचं बटण दाबलं. आकडा पुन्हा भरला. इतकं सोपं होतं ते.

सकाळी निघताना तिनं पडदा पाहिला, मग मला पाहिलं. सर्व्हिसिंग झालं, मी म्हटलं. ती बेल्ट लावायची थांबली. "मंग लिंबू कुठंय?"

मी उतरलो. स्वयंपाकघरातून लिंबू आणलं, देव्हाऱ्यातलं कुंकू आणलं, बॉनेटवर बोट ओढलं. आधी पिंपळगावला घ्या, ती म्हणाली. दवाखान्याची वेळ चुकणार होती, तरी घेतलं. चाकाखाली लिंबू फुटलं तेव्हा तिनं हात जोडले. देवळाच्या पायऱ्या चढणं तिला जमलं नाही. गाडीतूनच तिनं रेणुकाईला नमस्कार केला आणि तुमची आठवण काढून म्हणाली, "मामा असते तर तुमचे हात बघितले असते." माझे हात स्वच्छ होते, ऑइलचा डागही नव्हता. त्या दिवशी उशिरा का होईना, दवाखान्यात आली. त्यानंतरही येते आहे. मात्र आता पडद्याकडं बघत नाही.

हा कागद गाडीच्या कप्प्यात, माहितीपुस्तिकेखाली ठेवतो आहे. तो आणखी कुठं ठेवायचा? शोरूमची तारीख येऊन गेली, दादा. मी गाडी नेली नाही. खरं सर्व्हिसिंग झालं की पुन्हा लिंबू ठेवावं लागेल आणि तिला पुन्हा पुढं बसवून न्यावं लागेल. तोवर ती असेल की नाही, ते मला बघायचं नाही. ऑइल जुनंच आहे.